विजयदुर्ग १७५६ मध्ये दीड दिवसात कसा पडला?

वाघोटनकाठ (प्रश्न)

नमस्कार. विजयदुर्गला येणाऱ्या पाहुण्यांना आमच्या शाळेतील नववीच्या मुलांनी किल्ला आणि गाव दाखवावे, असे आम्ही काही शिक्षकांनी ठरवले आहे. मुलांनी नेमके काय सांगावे याची एक संहिता मी लिहीत आहे. शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला, त्याची तटबंदी वाढवली, पुढे कान्होजी आंग्र्यांनी येथे आरमाराचे ठाणे केले, येथपर्यंत कथन सुरळीत चालते. १७१७ मध्ये मुंबईकर इंग्रजांचा हल्ला परतवला गेला, १७२० मध्ये ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना घेऊन आलेले इंग्रज हात हलवीत परत गेले आणि १७२४ मध्ये सात जहाजे घेऊन आलेल्या डचांचीही तीच गत झाली, हे मुले मोठ्या उत्साहाने सांगतात.

यानंतर मात्र आम्ही सगळेच एका वाक्यात गुंडाळतो की १७५६ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. मागच्या आठवड्यात एका मुलीने विचारले की तट तोच, खडक तोच, खाडी तीच, तर मग आधी तीन वेळा जे जमले नाही ते या वेळी १२ फेब्रुवारीच्या दुपारपासून १३ तारखेच्या संध्याकाळपर्यंत कसे जमले? तिला फितुरी, दैव किंवा इंग्रजांची हुशारी असे एका शब्दाचे उत्तर द्यावे असे मला वाटत नाही.

माझी दुसरी अडचण गावाची आहे. सर्व वर्णने तट, बुरूज आणि सेनापती यांच्यापाशी थांबतात. किल्ल्याबाहेर जे गाव होते त्याचा या युद्धात उल्लेखच येत नाही. मुले याच गावातली आहेत, त्यामुळे आपल्या पायाखालच्या जमिनीवर त्या दिवशी काय घडले हे त्यांना कळावे अशी माझी फार इच्छा आहे. जाणकारांनी सविस्तर लिहिले तर उपकार होतील.

दर्यावर्दी

तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे निम्मे उत्तर तटात नसून पाण्यात आहे. आंग्र्यांचे बळ किल्ल्याच्या भिंतींत जितके होते त्याहून अधिक ते त्या भिंतींच्या आश्रयाने वावरणाऱ्या आरमारात होते, आणि १७५६ मध्ये सर्वांत आधी नष्ट झाले ते आरमारच.

आंग्र्यांची मोठी लढाऊ जहाजे म्हणजे गुराबा. त्यांतल्या दोन डोलकाठ्यांच्या गुराबा साधारण दीडशे टनांच्या आणि तीन डोलकाठ्यांच्या तीनशे टनांपर्यंतच्या असत. त्यांची नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, पुढे लांब आणि खाली झुकलेली असे व तिच्यावरून पुढच्या दिशेने मारा करणाऱ्या तोफा बसवलेल्या असत. त्यांच्या जोडीला असलेली गलबते सत्तर टनांच्या आतली, चाळीस-पन्नास वल्ह्यांची आणि फार चपळ असत. वारा पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढीत नेत आणि शत्रूच्या मोठ्या जहाजाला पिछाडीकडून गाठत, कारण मोठ्या जहाजाच्या तोफा त्याच्या दोन्ही कुशींना असतात आणि पिछाडीचे संरक्षण दुबळे असते. प्रसंग अंगावर आला तर हीच जहाजे उथळ खाडीत शिरत, जिथे खोल तळाच्या विलायती जहाजांना पाठलाग करण्याची छाती होत नसे. १७३५ मध्ये कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचे ‘डर्बी’ हे भरलेले मोठे जहाज पकडले आणि १७४९ मध्ये त्यांच्यानंतर विजयदुर्ग सांभाळणारे त्यांचे भाऊ तुळाजी यांनी ‘रिस्टोरेशन’ हे सशस्त्र जहाज पाडाव केले, ते याच पद्धतीच्या बळावर. या दुसऱ्या जहाजाचे नाव मुलांना अवश्य लक्षात ठेवायला सांगा.

आता १७५५ च्या एप्रिलमधली एक घटना पाहा. कमोडोर विल्यम जेम्स हर्णैच्या सुवर्णदुर्गावर चालून आला तेव्हा तुळाजींचे आरमार तेथून दक्षिणेकडे निसटले. वारा मंद होता, म्हणून खलाशांनी जहाजावरचे सामान समुद्रात फेकून भार कमी केला आणि डोक्याची पागोटी व अंगावरचे कपडेसुद्धा शिडांना जोडून वाऱ्याची प्रत्येक झुळूक पकडली. जेम्सला पाठलाग सोडावा लागला. त्याने मागे फिरून सुवर्णदुर्ग घेतला, पण आरमार शाबूत राहिले. उघड्या समुद्रावर ही जहाजे हाती लागणे किती कठीण होते हे यावरून कळते.

विजयदुर्गला नेमकी उलट परिस्थिती निर्माण झाली. तुळाजींचे आरमार किल्ल्याच्या उत्तर अंगाला, खाडीत, गोदीच्या समोर एकमेकांना बांधून उभे होते. बाहेर पडण्याची वाट खाडीच्या मुखातूनच होती, आणि त्या मुखातून या वेळी जे आत आले ते पूर्वी कधी आले नव्हते. १७१७ आणि १७२० मध्ये आलेली जहाजे मुंबईच्या व्यापारी कंपनीची होती. १७५६ मध्ये रिअर ॲडमिरल चार्ल्स वॉटसन आला तो इंग्लंडच्या राजाचे आरमार घेऊन. त्यात ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’, ‘सॅलिस्बरी’ अशी पन्नास ते सत्तर तोफांची जहाजे होती, आणि त्यांच्यासोबत कंपनीची जहाजे व उखळी तोफांच्या बोटीही होत्या. त्या बोटींतून फुटणारे गोळे उंच उडवून तटाच्या आत टाकता येत. त्यांच्यापुढे १७२० चा तरंगता तोफखाना म्हणजे खेळणेच म्हणावे लागेल.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण मला ती निर्णायक वाटते. हल्ल्याच्या सुमारे दोन महिने आधी, डिसेंबर १७५५ मध्ये, जेम्सने येथे येऊन पाण्याची खोली मोजली. मोठी जहाजे किल्ल्याच्या अगदी जवळ आणता येतील आणि या जागेचा जितका बोलबाला आहे तितकी ती अवघड नाही, असे त्याने मुंबईला कळवले. उथळ पाण्याची भीती हा विजयदुर्गाचा फार मोठा संरक्षक होता, आणि तो एका मोजणीने नाहीसा झाला.

१२ तारखेच्या दुपारी वॉटसनची जहाजे दोन रांगांनी खाडीत शिरली. मोठ्या जहाजांची रांग किल्ल्याच्या बाजूने होती आणि उखळी बोटी व लहान जहाजे तिच्या आडोशाने आरमाराकडे तोंड करून होती. चार-पाचच्या सुमारास एक गोळा त्याच ‘रिस्टोरेशन’वर पडला, ते पेटले, आणि दोरांनी एकत्र बांधलेली जहाजे एकामागून एक पेटत गेली. आठ-दहा गुराबा, कित्येक गलबते आणि गोदीत बांधकाम चालू असलेली जहाजे त्या संध्याकाळी जळाली. रात्रभर आगी किल्ल्यातही पेटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भडिमार झाला आणि संध्याकाळी किल्ल्याने शरणागती दिली. इंग्रजांकडचे मृत व जखमी मिळून विसाच्या आसपास होते.

किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्रतळाशी असलेल्या भिंतीविषयी पाहुणे हमखास विचारतात, म्हणून एवढेच लिहितो की १७५६ च्या लढाईत तिचा काही संबंध आला नाही, कारण जहाजे त्या बाजूने आलीच नाहीत.

दफ्तरदार

दर्यावर्दी यांनी पाण्याची बाजू फार चांगली मांडली आहे. जमिनीची बाजू मी लिहितो, कारण तिच्यावाचून आरमार खाडीत अडकून का पडले होते हे कळणार नाही.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यांचे पुत्र सेखोजी यांनी चार वर्षे सर्व एकत्र सांभाळले, परंतु १७३३ मध्ये तेही गेले आणि संभाजी व मानाजी या भावांत फूट पडली. १७३५ मध्ये थोरल्या बाजीरावांनी तडजोड केली, तीत मानाजींना कुलाबा आणि वजारतमाब हा किताब मिळाला, तर संभाजींकडे विजयदुर्ग आणि सरखेली, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, राहिली. एका आरमाराची अशी दोन आरमारे झाली. संभाजींच्या पश्चात, १७४२ च्या सुमारास, सरखेली तुळाजींकडे आली. तुळाजी कर्तबगार होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १७४५ मध्ये त्यांनी सिद्दीकडून अंजनवेल आणि गोवळकोट घेतले. परंतु शाहू महाराजांच्या निधनानंतर पेशव्यांचा अधिकार त्यांनी मानला नाही, आणि वाडीकर सावंत व बावड्याचे अमात्य यांच्या मुलखाला त्यांचा उपद्रव होत राहिला. परिणामी प्रसंग आला तेव्हा किनाऱ्यावरची एकही मराठी सत्ता त्यांच्या पाठीशी उभी नव्हती.

नानासाहेब पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. आरमारी मोहिमेचे नेतृत्व इंग्रजांकडे राहील, जमिनीवरून पेशव्यांची फौज चालून जाईल, आणि इंग्रजांना बाणकोट मिळेल, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप होते. विजयदुर्ग इंग्रजांना देण्याचे कोठेही ठरले नव्हते. सुवर्णदुर्ग पडल्यावर पावसाळा तोंडावर आला, त्यामुळे जेम्सचे आरमार मुंबईला परतले. पावसाळ्यानंतर पेशव्यांच्या फौजांनी तुळाजींची ठाणी एकेक करून घेतली. अंजनवेल आणि गोवळकोटही गेले.

याच काळात दैवयोगाने, की दुर्दैवाने, कंपनीच्या फौजेचा अधिकारी रॉबर्ट क्लाइव्ह आणि वॉटसन मुंबईत येऊन पोहोचले. त्यांना आंग्र्यांसाठी पाठवलेले नव्हते. मराठ्यांच्या मदतीने दख्खनमधील फ्रेंचांचा पाडाव करावा असा मूळ बेत होता, परंतु कर्नाटकात इंग्रज व फ्रेंच यांच्यात तह झाल्यामुळे तो बारगळला आणि एवढे मोठे आरमार मुंबईत रिकामे उभे राहिले. ते विजयदुर्गावर वळवण्यात आले. या छोट्या गावाच्या नशिबी आलेले युद्ध असे दूरच्या एका मोठ्या युद्धाच्या विरामातून उद्भवले होते, हे मुलांना नकाशावर दाखवता येईल.

फेब्रुवारीत रामाजी महादेवांची फौज गावाच्या पूर्वेला तळ देऊन होती. तुळाजी किल्ल्याचा कारभार आपल्या नातलगाच्या हाती सोपवून बोलणी करण्यासाठी मराठ्यांच्या छावणीत गेले. त्यामागचा हिशेब चुकीचा नव्हता: किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन करून काही अटी मिळवता आल्या असत्या. इंग्रजांना नेमके तेच होऊ द्यायचे नव्हते. मुंबईतून निघण्यापूर्वीच त्यांच्या अधिकाऱ्यांनी लुटीच्या वाटणीचे प्रमाण आपापसांत ठरवून टाकले होते, आणि त्या वाटणीत मराठ्यांना जागा नव्हती. क्लाइव्हचा वाटा किती असावा यावरून वाद झाला, एवढ्या बारकाईने ती बैठक चालली होती. म्हणूनच १२ तारखेच्या रात्री क्लाइव्हने फौज उतरवली ती किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्यामध्ये. त्याचा मोहरा वरवर किल्ल्याकडे असला तरी त्याला खरी अडवणूक करायची होती ती रामाजींची.

किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला आणि तो इंग्रजांनी आपापसांत वाटून घेतला. करारानुसार किल्ला ताबडतोब पेशव्यांना मिळायला हवा होता, तो त्यांनी सोडला नाही. ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्याला नवा तह होऊन बाणकोट आणि काही गावे त्यांच्याकडे कायम झाली, तेव्हा कोठे विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. क्लाइव्ह आणि वॉटसन येथून मद्रासला आणि तेथून बंगालला गेले, आणि दीड वर्षाच्या आत प्लासीची लढाई झाली.

माडबन

गावाविषयीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. माझे आजोळ त्या परिसरातले आहे आणि ती जमीन मी पायांनी ओळखतो.

किल्ल्याकडे पाठ करून गावाकडे तोंड केले की १७५६ चा नकाशा आजही बराचसा वाचता येतो. अठराव्या शतकातल्या इंग्रज वर्णनांत या जागेचे चित्र असे आहे: खाडीच्या मुखाशी खडकाळ भूशिर, त्याच्या कडा पाण्यापासून पन्नास फूट उंच, त्यांवर बुरुजांसह दुहेरी तट आणि आतला तट बाहेरच्यापेक्षा उंच. भूशिर मुख्य जमिनीला जोडणारी वाळूची अरुंद मान होती, आणि जिथे ती मान रुंदावत जाते तिथे तटाशिवायची, मोकळी अशी मोठी पेठ वसलेली होती. जहाजे बांधण्याची व दुरुस्तीची जागा त्या मानेवर होती आणि खाडी किल्ला, मान व पेठ या तिन्हींच्या उत्तरेला लागून वाहत होती. किल्ल्याच्या जमिनीकडील अंगाला खंदक होता, तो पुढे बुजला.

याचा अर्थ असा की पेठेला स्वतःचा कोणताही बचाव नव्हता. तिच्या पूर्वेला मराठ्यांची छावणी, पश्चिमेला वेढलेला किल्ला, उत्तरेला जळती जहाजे आणि मध्यरात्रीपूर्वी उतरलेली क्लाइव्हची फौज, या सगळ्यांच्या मधोमध ती सापडली होती. जळालेली जहाजे ही त्या पेठेची आयुष्यभराची कमाई होती. सागाच्या फळ्या तासणारे सुतार, फळ्यांच्या सांध्यांत कापूस व राळ भरणारे कारागीर, लोहार, दोर वळणारे, शिडे शिवणारे, आणि गुराबांवर प्रत्यक्ष चाकरी करणारे गाबीत व भंडारी खलाशी, यांतल्या कोणाचेही नाव इंग्रज सेनापतींच्या पत्रांत येत नाही. पण एक गुराब उभी राहायला या सगळ्यांचे हात लागत. मुलांच्या संहितेत सेनापतींच्या आधी या व्यवसायांची नावे यावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

त्या कामाची सर्वांत मोठी खूण खाडीने थोडे आत गेल्यावर गिर्ये गावाच्या हद्दीत आहे. खडक फोडून तयार केलेली शंभर मीटरांहून अधिक लांबीची ती गोदी पाहिल्यावर आंग्र्यांच्या आरमाराचे प्रमाण डोळ्यांपुढे उभे राहते. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला ते तळावर टेकले की तळाचे काम करायचे, आणि पुढच्या भरतीला बाहेर काढायचे, असा तिचा उपयोग होता. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी तिथल्या दगडी नांगरांचाही अभ्यास केला आहे. पाहुणे किल्ला पाहून परत फिरतात आणि या गोदीपर्यंत जात नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. गिर्ये येथीलच रामेश्वर मंदिराजवळ संभाजी आंग्र्यांची समाधी आहे, त्यामुळे गोदी, मंदिर आणि किल्ला अशी एक फेरी सहज आखता येईल. फेरीची सुरुवात गोदीपासून करावी: आधी जहाज कसे बांधत ते सांगावे, मग ते कुठे उभे असे ते दाखवावे, आणि शेवटी ते कसे जळाले ते किल्ल्याच्या उत्तर तटावर उभे राहून सांगावे. त्या तटावरून खाडीचे मुख आणि जहाजे बांधून ठेवली होती ती जागा, दोन्ही एका नजरेत येतात.

वाघोटनकाठ

तिघांचेही मनापासून आभार. फेरी गोदीपासून सुरू करण्याची सूचना मी आजच सहकाऱ्यांपुढे ठेवतो.

एक शंका मात्र राहते आणि ती टाळून संहिता पूर्ण होणार नाही. ‘पेशव्यांनी मराठी आरमार बुडवले’ हे वाक्य येणाऱ्या पाहुण्यांपैकी कोणी ना कोणी म्हणतोच, आणि मग मुलांसमोरच वाद सुरू होतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी यावर काय बोलावे?

सागरमंथन

माझे मत स्पष्ट आहे: ते वाक्य अर्धे खरे आहे, आणि मुलांनी त्याचे दोन्ही अर्धे भाग सांगावेत.

नानासाहेबांना आरमार नष्ट करायचे होते असे म्हणता येत नाही. करारामागचा त्यांचा हेतू तुळाजींचे किल्ले आपल्या अमलाखाली आणण्याचा होता, आणि आपल्याच हाती येऊ घातलेली जहाजे जाळण्यात कोणाचाही फायदा नसतो. मराठी राज्यातील एखादा सरदार केंद्राला जुमानत नसेल तर त्याला वठणीवर आणणे हे पेशव्यांचे काम होते. तुळाजींना निर्दोष ठरवणेही तितकेच कठीण आहे, कारण शेजाऱ्यांपैकी कोणीही त्यांच्यासाठी मध्यस्थी केली नाही.

दोष आहे तो निवडलेल्या साधनाचा. समुद्रावर इंग्रजांना दबकून राहावे लागत होते ते आंग्र्यांमुळेच, आणि त्या आंग्र्यांना मोडण्यासाठी इंग्रजांच्याच हाती आरमारी मोहिमेची सूत्रे देणे ही केवढी जोखीम आहे, हे सुवर्णदुर्गानंतर तरी पुण्याच्या दरबाराला दिसायला हवे होते. अंजनवेल, गोवळकोट ही ठाणी पेशव्यांच्या फौजांनी स्वबळावर घेतली होती. तुळाजी बोलणी करण्यासाठी स्वतः छावणीत आले होते. म्हणजे वॉटसनचे आरमार आले नसते तरी विजयदुर्ग थोड्या विलंबाने मराठ्यांकडेच आला असता, आणि तोही जहाजांसह, असे मानायला पुष्कळ जागा आहे. मला या प्रकरणात सर्वांत जास्त टोचते ते हे, की संकट टळण्याच्या इतक्या जवळ गोष्ट आली होती.

तुमच्या मुलांनी ‘कोणी बुडवले’ या वादात न शिरता पाहुण्यांना १२ फेब्रुवारीच्या सकाळची परिस्थिती सांगावी: तुळाजी कुठे आहेत, रामाजींची फौज कुठे आहे, जहाजे कुठे आहेत, वॉटसन कशाची वाट पाहत आहे. त्यानंतर पाहुण्यांनाच विचारावे की तुम्ही रामाजी असता तर काय केले असते. या वयाची मुले असा प्रश्न उत्तम विचारू शकतात, आणि मोठ्या माणसांना त्याचे उत्तर देताना विचार करावा लागतो.

दफ्तरदार

सागरमंथन यांच्या मताशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. आरमार १७५६ मध्ये जळाले म्हणजे ते कायमचे संपले, असा समज या वाक्यातून पसरतो आणि तो विजयदुर्ग गावावर अन्याय करणारा आहे.

किल्ला परत मिळाल्यावर पेशव्यांनी आपल्या आरमाराचे मुख्य ठाणे विजयदुर्गलाच केले, आणि त्याच गोदीत, त्याच पेठेतल्या हातांनी पुन्हा जहाजे उभी राहिली. या आरमाराची सुभेदारी धुळपांकडे आली. त्यांचा वाडा गावात आजही आहे आणि त्यातील भित्तिचित्रे पाहण्यासारखी आहेत. आनंदराव धुळपांनी एप्रिल १७८३ मध्ये रत्नागिरीच्या परिसरात इंग्रजांच्या ‘रेंजर’ जहाजावर व त्याच्या सोबतच्या गलबतांवर हल्ला केला. ती लढत अत्यंत निकराची झाली, ‘रेंजर’ पाडाव झाले आणि त्यावरचे इंग्रज अधिकारी विजयदुर्गला आणले गेले. त्यांतला जबर जखमी झालेला कर्नल हंबरस्टन येथेच मरण पावला. मराठे व इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झालेला असतानाही ही लढाई घडली, म्हणून तिच्यावरून दोन्ही दरबारांत पुष्कळ तक्रारी झाल्या. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की आरमार जळाल्यानंतर सत्तावीस वर्षांनी याच खाडीतून निघालेली जहाजे इंग्रज जहाज जिंकून आणण्याइतकी समर्थ होती. किल्ला इंग्रजांकडे कायमचा गेला तो १८१८ मध्ये, पेशवाईबरोबरच.

कान्होजींच्या आरमाराशी तुलना केली तर धुळपांचे आरमार कमी पडत होते, यात वाद नाही. कान्होजी स्वतः किनाऱ्याचे धनी होते आणि आरमाराचा खर्च भागवण्यासाठी बंदरांचे उत्पन्न व परवान्यांचे पैसे थेट त्यांच्याकडे येत. धुळप हे पुण्याचे नोकर होते आणि घाटावरच्या मोहिमांपुढे समुद्राचा खर्च नेहमी मागे पडे. तरीही माडबन यांनी सुचवलेल्या फेरीत किल्ल्यानंतर धुळपांचा वाडा यावा, असे मला वाटते. किल्ल्याच्या उत्तर तटावर जळलेल्या आरमाराची हकीकत ऐकलेल्या पाहुण्याला ‘रेंजर’ची हकीकत त्या वाड्यासमोर ऐकायला मिळेल. ती सांगताना आधी तारीख सांगावी, मग सालबाईच्या तहाची अडचणही सांगावी, म्हणजे मुलांचे कथन एकतर्फी होणार नाही.